साय धरलेले कप

१२ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या खिडकीतल्या त्या कुंडीलाही, ती अजून तग धरून असेल तर.

खोकला गेला का? छापखान्यातल्या शाईचा वास तुला सोसणार नाही, हे मी तू नोकरी धरलीस तेव्हाच म्हटलं होतं. प्रुफं तपासताना खिडकी उघडी ठेवत जा. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्राचं तसं नाही. ते हातात आलं की माणूस शेवटपर्यंत जातोच, निदान कुणी गेलंबिलं नाही ना, एवढं बघायला. कुणी गेलेलं नाही.

आमच्या शाळेत सिस्टर पत्रलेखनाच्या तासाला सांगायच्या, आधी समोरच्याची विचारपूस करा, मग हवापाणी, मग आपली खुशाली, आणि कामाचं सगळ्यांत शेवटी. वाईट बातमी पहिल्या पानावर येता कामा नये. पत्र माणूस उभ्याने उघडतो आणि दुसऱ्या पानापर्यंत कुठेतरी टेकलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. आपली सगळी निवेदनं मी याच रीतीने लिहिली आणि तू दरवेळी डोक्याला हात लावलास. साहेबांच्या सर्दीची चौकशी केलेलं निवेदन आठवतं? इतक्या वर्षांत त्या एकाच निवेदनाला उत्तर आलं. सर्दी बरी आहे, बाकी मुद्दे विचाराधीन आहेत.

हवा कोरडी आहे. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. खालच्या टेलरबाईंनी आपल्या बाहेरच्या खोलीला पडदे शिवून दिले, पण माप नजरेनेच घेतलं, त्यामुळे एक पडदा जमिनीवर लोळतो आणि दुसरा गुडघ्याशी थांबतो. मी काही म्हणायच्या आत, "एक आई, एक मुलगी," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

दवाखाना अजून उघडतो. नर्सताई एकट्याच असतात. डॉक्टर येतील तेव्हा येतात. कापूस संपला की त्या घरून आणतात. बाबा ज्या खिडकीमागे बसून औषधं करायचे, तिथे आता मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत. मागच्या बाजूला चुन्याच्या खुणा पडल्यात. गाड्या ठेवायला चार मजली इमारत होणार म्हणे. टेलरबाई विचारतात, मग त्या गाड्या आजारी पडल्या तर कुठे नेणार.

दवाखान्याच्या जागेची सुनावणी मार्चच्या अखेरीस आहे. आपल्या हातात कागद नाही, हे तुला मी काय सांगायचं. डॉक्टरबाईंनी जागा दिली तेव्हाचा कागद पालिकेच्या ऑफिसला सापडत नाही, आणि तो कधी सापडणारही नाही. डॉक्टरबाई गेल्या, तेव्हाचे अध्यक्षही गेले. त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या असलेल्या तिघांपैकी उरला तो फक्त हातात खल धरून उभा असलेला तरुण कंपाउंडर. "इथे दवाखाना आहे तोवरच ही जागा तुमची," हे डॉक्टरबाईंचं वाक्य ऐकलेले जगातले शेवटचे कान आमच्या घरात आहेत, असं तू पहिल्या सभेत म्हणाली होतीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाबांनी लाजून दोन्ही कान झाकले. किती हसलो होतो आपण.

मागच्या आठवड्यात चर्चेसाठी ऑफिसात गेलो होतो. आता अधिकारीबाई नव्या आहेत, तुझ्याहून थोड्याच मोठ्या. शिपायाने नेहमीप्रमाणे कप मांडले आणि मला 'आपला माणूस' आठवला. त्याला आपणच उभं केलं, घरोघर जाऊन निवडून आणलं. तू तर त्याच्यासाठी घसा बसवून घेतलास. मग एका बैठकीत त्याने कप उचलला आणि हसून मला म्हणाला, काकू, एका कपाने काय होतं. उन्हाळा संपेपर्यंत तो टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला होता, आणि दवाखाना बंद करायच्या ठरावावर पहिली सही त्याची होती. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस ते दिवस मला अजून नीट आठवत नाहीत, म्हणजे आठवायचे नाहीत. उठलीस ती नियम घेऊनच. ऑफिसात पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. चहा तर नाहीच. सुरुवात एका कपानेच होते.

खरं सांगू, घोषणांपेक्षा त्या कपांनीच ऑफिसवाले जास्त अस्वस्थ व्हायचे. टेबलावर ओळीने कप, त्यांच्यावर हळूहळू धरणारी साय, आणि आपण सगळे हाताची घडी घालून. शिपाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, बाई, तुम्ही येऊन गेलात की ही साय घासताना माझी बोटं दुखतात हो.

या वेळच्या चहाचं तुला कुणी ना कुणी कळवलं असेलच. मी त्याबद्दल लिहीत नाही. चहाच होता.

आपल्या समितीची बैठक आता चष्मेवाल्यांच्या दुकानात होते. आपल्या जिन्याचा लोकांना त्रास होतो म्हणे. बाबा मजेत आहेत. वाचन जोरात चालू आहे, त्याच एका पुस्तकाचं.

तुझी,
आई

ता. क. बाबांना फोन कर. काही विशेष नाही, सहज.


३ मार्च

प्रिय मुंगे,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेबद्दल. सिस्टरांनी तुला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

उरलेल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. "बाबांनी ते का केलं हे मला सांगू नकोस. आपला माणूसही कारणंच सांगायचा." तुझं अक्षर माझ्यावर गेलंय, गोल आणि सरळ. त्या अक्षरात असं वाक्य लिहिलेलं मला ओळखीचं वाटेना.

तर का ते सांगत नाही. काय झालं ते सांगते, कारण चष्मेवाल्यांनी तुला सांगितलं ते त्यांना दिसलं तसं. चष्मेवाले मनाने वाईट नाहीत. तू गेल्यावर त्यांनीच सगळं तोलून धरलं, दुकान सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन. पण टेलरबाई म्हणतात तेही खोटं नाही. त्यांना सगळ्यांच्या काचेवर डाग दिसतो आणि रुमाल मात्र ते खिशातून काढत नाहीत.

त्या दिवशी ऑफिसात अधिकारीबाई बऱ्या बोलत होत्या. दवाखाना आठवड्यातून निम्मे दिवस तरी चालू ठेवता येईल, लेखी देते, असं काहीसं म्हणाल्या. चष्मेवाले म्हणाले, लेखी तर यापूर्वीही फार मिळालंय, आमच्याकडे त्याची रद्दी झाली. सगळे हसले. त्या बाईंचा चेहरा पडला. त्या खरं बोलत असतील असं मला क्षणभर वाटलं, आणि लगेच वाटलं, मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारी बाबांनी कप उचलला. साय बोटाने बाजूला केली, सवयीने फुंकर घातली आणि प्यायले. अर्धा कप झाल्यावर समोर बघून म्हणाले, "आज दूध जास्त पडलंय."

पलीकडच्या बाजूला हशा पिकला. कुणीतरी मोबाईल उचलला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, चहापानानंतर चर्चा समाधानकारक, आणि खाली फोटो. फोटोत बाबा छान दिसतात. कित्येक महिन्यांत इतके निवांत दिसले नव्हते.

पुढच्या बैठकीला मी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. तुला ती जुनी पद्धत माहीत आहे, गोल मांडायच्या, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मोबाईल ठेवायचा पत्र्याचा डबा दाराशी ठेवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कुणी आलं नाही. ते म्हणाले, आज उशीर झाला वाटतं लोकांना. मी म्हटलं, हो, येतील. खाली टेलरबाईंचं मशीन चालू होतं, मग तेही थांबलं आणि त्या वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. दुकानात बैठक चालू आहे, मला वाटलं तुम्हाला कळवलं असेल, म्हणाल्या. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात तुझा निरोप होता, सगळ्यांना पाठवलेला. "नियम सगळ्यांना सारखा. माझे बाबा असले तरी."

मी तुझ्यावर रागावले नाही. तसाच निरोप तू पाठवणार, तशीच आम्ही तुला वाढवली. लहानपणी तुझ्या अंगापेक्षा मोठी उशी ओढत घरभर फिरायचीस, म्हणून बाबांनी मुंगी नाव ठेवलं. हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, आणि आमची मुंगी साखर टाकून लाकडं फोडायला निघाली, असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. तक्रार केल्यासारखं सांगायचे आणि समोरचा कौतुक करेपर्यंत विषय सोडायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र मी रोज मनात घोळवते. आपण आधी ऑफिसवर विश्वास ठेवणं सोडलं. त्यात काय चुकलं, त्यांनी तो ठेवण्यासारखं काही केलंच नव्हतं. मग पेपरवर. मग पलीकडच्या गल्लीतल्या समितीवर, कारण त्यांचा रस्ता आपल्याआधी झाला. मग मोबाईल डब्यात गेले. या सगळ्यात एक ऊब असते गं. एकदा सगळे चोर ठरवले की पुन्हा फसायची धास्ती उरत नाही. पण थंडीत माणसं जवळ सरकतात तशी आपण सरकलो नाही. एकेक जण उठून जात राहिला आणि उरलेले म्हणाले, बघा, तो त्यांचाच होता.

बाबा त्यांचे नव्हते. मी शेजारी बसले होते, मी पाहिलं. याहून जास्त लिहिता येत नाही. शब्द दिला आहे.

साक्षीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून डॉक्टरबाईंचं वाक्य म्हणतात.

कुंडीबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

आई


२९ मार्च

मुंगे,

हे उभ्याने वाचू नकोस. आधी कुठेतरी बस.

आज विचारपूस नाही, हवापाणी नाही. सिस्टर मला क्षमा करोत. बाबा विसरतात. चष्मा कुठे ठेवला, तसलं विसरणं नाही. त्या दिवशी ऑफिसात त्यांना आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं. समोर टेबल, पलीकडे एक बाई, शिपाई चहा घेऊन आलेला. त्यांना तो दवाखाना वाटला आणि त्या डॉक्टरबाई. दुपारचा चहा डॉक्टरबाईंच्या टेबलावर व्हायचा, तुला माहीतच आहे. घरी येताना वाटेत म्हणाले, "डॉक्टरबाई आज फारशा बोलल्या नाहीत. रागावल्या का गं माझ्यावर?"

मी रस्त्यातच थांबले. माझा हात त्यांच्या कोपराला होता, तो तसाच राहिला.

त्याच्या आधीही लहानसहान झालं होतं, पण मी ते वयावर टाकत होते. एकदा अंघोळीहून येऊन मला विचारलं, मुलगी शाळेतून आली का. मी हसण्यावारी नेलं, तेही हसले, पण नंतर बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. त्या चहानंतर मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने आजचा वार विचारला, तो चुकला. सध्या सत्तेवर कोण आहे, असं विचारलं. बाबा म्हणाले, "कुणी का असेना, सगळे सारखेच." तो बिचारा पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. उत्तर बरोबर धरायचं की चूक, त्याला कळेना. मलाही कळलं नाही.

चांगल्या वेळा असतात तेव्हा त्यांना सगळं कळतं, आणि तेच वाईट. अशाच एका सकाळी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी म्हटलं, मी चष्मेवाल्यांना खरं सांगते, लोक समजून घेतील, निदान तुम्हाला फितूर म्हणणार नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, अगदी काळजीपूर्वक, कडेला कड लावून. म्हणाले, "म्हणू देत फितूर. फितुराला निदान डोकं लागतं."

मग म्हणाले, साक्ष होऊ दे. तोवर कुणाला काही बोलायचं नाही, मुंगीलाही नाही. वेड्याची साक्ष कोण ऐकणार. ते एक वाक्य मला पक्कं पाठ आहे, तेवढं मी नेऊन पोचवतो आणि मग काय विसरायचं ते विसरतो.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं. ते विसरतात असं सांगितलं असतं, तर दुसऱ्या बाजूचा वकील म्हणाला असता, याच्या शब्दावर काय विश्वास. नाही सांगितलं, तर आपलीच माणसं म्हणणार, याच्या शब्दावर काय विश्वास. कुठल्याही दाराने गेले तरी साक्षीदार बाहेरच राहत होता. मी रात्रंदिवस त्या दोन दारांमध्ये फिरले आणि शेवटी काहीच केलं नाही. त्याला मी शब्द पाळणं म्हणत होते.

सुनावणीला आम्ही दोघं गेलो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. सकाळीच तयार होऊन बसलेल्या माणसाला तुमचं नाव काढलंय हे मला सांगता आलं नाही. लांब बोळ होता, दोन्ही भिंतींना बाकं. आपली माणसं समोरच्या बाकावर होती. नर्सताईंनी लांबून मान हलवली. चष्मेवाले काच पुसत बसले, त्या दिवशी बघ, रुमाल निघाला. टेलरबाई तेवढ्या उठून आमच्या बाकावर आल्या, आणि आल्या म्हणून समोर कुजबुज झाली, तीही मला ऐकू आली.

बाबांना टेलरबाईंजवळ बसवून मी आत गेले. आपल्या वकिलाने सांगितलं, या साक्षीदाराला आम्ही आणत नाही. तेव्हा ऑफिसच्या वकिलाने हसून म्हटलं, आमची काही हरकत नाही, जरूर ऐकावं त्यांना. झालं. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हिशेब जुळला. पलीकडच्यांची हरकत नाही म्हणजे माणूस पलीकडचाच. बाबांना आत बोलावलंच नाही. निकाल दुपारीच आला. पुराव्याअभावी, आणि पुढे आपल्या त्या नेहमीच्या भाषेतली दीड ओळ. दवाखान्याला या महिन्यातच कुलूप लागेल.

आणि मुंगे, त्या दिवशी बाबा लख्ख होते. इतके लख्ख मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. आतून हाक येणार म्हणून ते बाकावर ताठ बसून होते. लोक बाहेर पडून जिन्याकडे जायला लागले तेव्हा मी म्हटलं, चला, आपणही जाऊ. ते म्हणाले, माझं व्हायचंय. मग माझ्याकडे बघून सगळं समजले असावेत. हळू आवाजात, मला एकटीला, त्यांनी साक्ष दिली. व्हरांड्यात ऊन कुठपर्यंत आलं होतं, अध्यक्षांच्या बुटाची नाडी सुटली होती, खलात कुठली पूड होती, डॉक्टरबाईंनी कुठल्या हाताने किल्ली पुढे केली, आणि ते वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. टेलरबाई पदराने डोळे पुसत होत्या. बोळातून माणसं ये-जा करत होती. झाल्यावर म्हणाले, लिहून घेतलंस ना? तुझं अक्षर चांगलं आहे.

तेवढ्यात अधिकारीबाई बाहेर आल्या. मला वाटलं सरळ निघून जातील. पण त्या थांबल्या, बाबांसमोर वाकल्या आणि विचारलं, काका, दमलात का, चहा मागवू? मनापासून विचारलं असावं. किंवा नसेल. मला आता हे ओळखता येत नाही, आणि आपलं सगळ्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान काय झालं असेल तर ते हे. बाबा उठून उभे राहिले. हाताची घडी घातली. "आपण इथे चहा घेत नाही," म्हणाले. चष्मेवाले जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. त्यांनी ऐकलं. ते थांबले, त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि ते खाली उतरून गेले.

मला वाटलं होतं, पत्र इथे संपवीन. पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून राहिलंय.

त्या दिवसापासून बाबा घरीसुद्धा चहा घेत नाहीत. सकाळी मी कप पुढे ठेवते, ते हाताची घडी घालतात. नियम तेवढा आठवतो, तो कशासाठी होता आणि कुठे होता ते गेलं. पहिल्या दिवशी मी हसून म्हटलं, अहो, हे आपलं घर आहे. ते माझ्याकडे सभ्यपणे बघत राहिले, जसे आपण ऑफिसात बघायचो. काल मात्र विचारलं, "हा कुणी पाठवलाय?" मी म्हटलं, मी केलाय. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

मी समोर बसून राहिले. मध्ये आपलं जेवणाचं टेबल होतं. कपावर साय धरत गेली. इतकी वर्षं मी त्या सायीकडे अलीकडून बघत होते गं, पलीकडून ती कशी दिसते ते काल कळलं. शिपायाची बोटं का दुखायची तेही.

चहावाचून काही अडत नाही. पण मी केलेलं जेवणही ते आता आधी हुंगतात. औषधाची गोळी मुठीत धरून ठेवतात आणि मी वळले की इथल्या तुळशीच्या कुंडीत टाकतात. आयुष्यभर दुसऱ्यांना औषध देणारा माणूस. मला ते ओळखतात, नावाने हाक मारतात, माझे पाय दुखतात का विचारतात. फक्त विश्वास ठेवत नाहीत.

तू घरी ये, असं मी म्हणणार नाही. तू इथून का गेलीस ते मला माहीत आहे आणि इथे तुला परत बोलवावं असं काही उरलेलं नाही. चष्मेवाल्यांना खरं कळवायचं की नाही ते तू ठरव, शब्दाची मुदत आता संपली. कळवलंस तरी दवाखाना काही उघडणार नाही.

पण तुझ्याबद्दल ते रोज विचारतात. मुंगीचा फोन आला होता का? मी म्हणते, काल आला होता, तुम्ही झोपला होतात. काय म्हणाली, विचारतात. मग मी काहीतरी रचते. तुझ्या नावावर मी इतकी गोड वाक्यं खपवली आहेत की आता तू खरंच बोललीस तर त्यांना ती मुंगी वाटायची नाही. तरी बोल.

रागाने बोललीस तरी चालेल. हवंतर भांड, त्यांना तुझ्याशी भांडायला आवडायचं. फक्त शेवटी एक सांग. नियम तू केलास, तो तूच मागे घेऊ शकतेस, माझं ते ऐकणार नाहीत. त्यांना म्हण, "बाबा, घरचा चहा चालतो." सकाळी फोन कर, मी कप समोर ठेवलेला असेल. गरम आहे तोवर.

टेबलाच्या पलीकडे बसलेली,
तुझी आई